बर्फगाडीची मापं

बालाघाट
९ जून २००२

श्री. नीळकंठ मोघे यांस,

मी अंजू लांजेवार. हिमालयातल्या बर्फाच्या केंद्रावर तुमची नारिंगी गाडी चालवणारे ड्रायव्हर चैतराम लांजेवार, त्यांची मुलगी. याच्यापुढं ओळख द्यायची गरज पडू नये.

माझी शाळा सगळी हिंदीत झाली. मराठी घरातली आहे, म्हणून बोलते तशीच लिहिते.

मी इथं एका क्लासमध्ये कॉम्प्युटरवर नकाशे काढायले शिकवते. मागच्या डिसेंबरपासून घरी त्या गाडीचं मॉडेल बनवून राह्यली. कॉम्प्युटरच्या आतलं मॉडेल. एकेक नट, एकेक फळी मापानं बनवायची, मग पूर्ण गाडी फिरवून सगळीकडून पाहता येते. आतमध्ये बसल्यासारखंही पाहता येते. विदेशात जुन्या बर्फगाड्यांच्या शौकीन लोकांची एक मंडळी आहे, ते अशी मॉडेलं जमा करतात. त्यांनी मले लिहिलं की ही गाडी १९५६ची अन् तशा पंधराच बनल्या. त्यांच्याजवळ बाहेरून काढलेले दोन फोटो आहेत. माझ्याजवळ बाबाचा गाडीपुढं उभा असलेला एक फोटो अन् त्यांनी सुट्टीत घरी आणलेलं पार्ट्सचं पुस्तक. पुस्तकात इंजिन अन् चाकांऐवजी बर्फावर फिरणाऱ्या पट्ट्यांची पानं आहेत. केबिनची पानं फाटली.

तुमी इंजिनीयर होते, गाडी तुमच्या ताब्यात होती. मले केबिनची मापं पाहिजेत. आसनं, दारं, छताचं झाकण, सगळं.

हे मी उपकार म्हणून मागून नाही राह्यली. १९८१च्या चौकशीत तुमी सांगतलं की चैतरामनं रस्त्याच्या खुणेच्या काठ्या सोडून गाडी गोठलेल्या तलावावर घातली, अन् तो प्यायलेला असावा. आमच्या गावात, रामपायलीत, तो 'असावा' कोणी वाचला नाही. लोकांनी 'पिऊन गाडी बुडवली' एवढंच वाचलं. बाबानं आयुष्यात दारू तोंडाले लावली नव्हती. आई मले घेऊन भरवेलीले मामाच्या क्वार्टरमध्ये राहायले आली, तेव्हा मी सात वर्षांची होती. या बदल्यात चार मापं देणं तुमाले जड जाऊ नये.

अंजू लांजेवार


नागपूर
२१ जून २००२

कु. अंजू लांजेवार यांस,

आपले पत्र मिळाले. माझा पत्ता कुठून मिळवलात हे आपण लिहिलेले नाही. मी सेवानिवृत्त होऊन चार वर्षे झाली. त्या केंद्राशी आणि त्या गाडीशी माझा आता काहीही संबंध नाही. गाडी तलावाच्या तळाशी आहे आणि तिथेच राहणार आहे.

चौकशीत मला जे विचारले त्याची मी उत्तरे दिली. निष्कर्ष समितीने काढले. आपल्या वडिलांविषयी माझ्या मनात कसलाही आकस नव्हता आणि मृत माणसाबद्दल मला काही बोलायचे नाही. गावातल्या लोकांनी काय वाचले याची जबाबदारी माझ्यावर येत नाही.

मापे आता आठवत नाहीत. आपण शिक्षित आहात, कॉम्प्युटर जाणता. तो वेळ एखाद्या उपयोगी कामाला लावावा, असे सुचवतो. या विषयावर पुन्हा पत्र पाठवू नये.

नी. वि. मोघे


बालाघाट
१८ जुलै २००२

श्री. मोघे यांस,

मापं तुमाले आठवत नाहीत म्हणून मी अंदाजानं केबिन बनवून टाकली. आठ प्रिंट सोबत पाठवून राह्यली. पहिल्या दोनमध्ये पूर्ण गाडी आहे, बाकीच्यांत आतलं.

पुढच्या महिन्यात हे सगळं विदेशच्या मंडळीकडं जाईन. प्रत्येक पानाखाली माहिती देणाऱ्याचं नाव टाकावं लागते. मी टाकलं आहे, 'केंद्राचे इंजिनीयर श्री. नीळकंठ मोघे यांच्या काळातली गाडी'. यात खोटं काही नाही. काळ तुमचाच होता.

अंजू लांजेवार


नागपूर
३० जुलै २००२

कु. अंजू लांजेवार यांस,

माझे नाव त्या कागदांवरून ताबडतोब काढावे. असल्या चित्राखाली माझे नाव गेले तर ज्यांना ही गाडी ठाऊक आहे ते मला हसतील.

आपण काय काढले आहे याची आपल्याला कल्पना तरी आहे का? पट्ट्यांवरच्या आडव्या फळ्या सपाट नव्हत्या. दोन्ही टोके वर वळलेली होती, नाहीतर गाडी मऊ बर्फात रुतली असती. पट्टा मागच्या दात्यांच्या चाकावर ओढला जाई, आपण तो पुढच्या चाकावर ओढता आहात. इंजिन ट्रकसारखे नाकात ठेवले आहे. ते केबिनच्या आत होते, दोन आसनांच्या बरोबर मधोमध, लोखंडी डब्याखाली. त्या डब्यावर आम्ही हातमोजे वाळवत असू. छताचे गोल झाकण त्या डब्याच्या वर, व्यास बावन्न सेंटिमीटर. आपण ते मागच्या कोपऱ्यात नेऊन बसवले आहे.

आणि स्टेअरिंग उजवीकडे! ही काय रामपायलीची जीप आहे? ज्या देशात ती बनली तिथे डावीकडे बसून चालवतात. स्टेअरिंग डावीकडे होते, पेडल डावीकडे होते. उजवीकडे फक्त सोबत्याचे आसन, त्यापुढे नकाशे ठेवायची फळी, बाकी काही नाही. मी अडीच वर्षे त्या गाडीत बसलो आहे.

दुरुस्त करायचे असेल तर नीट करावे. नसेल तर फेकून द्यावे.

नी. वि. मोघे


बालाघाट
१६ ऑगस्ट २००२

श्री. मोघे यांस,

तुमचं नाव काढून टाकलं. तुमी सांगतल्यासारखी केबिन पुन्हा बनवली, दहा दिवस लागले. इंजिनाचा डबा मधात घेतल्यावर आसनं अरुंद झाली. ते बरोबर आहे का, माहीत नाही. नवीन प्रिंट पाठवून राह्यली.

थोडं आणखी विचारायचं आहे. डब्याची रुंदी किती? डब्याच्या खालच्या कडेत अन् फरशीत फट होती का, अन् किती? एका बाजूचा माणूस डबा ओलांडून दुसऱ्या बाजूले जाऊ शकत होता का?

अंजू लांजेवार


नागपूर
२ सप्टेंबर २००२

चि. अंजूस,

प्रिंट पाहिले. या वेळी काम बरेच सुधारले आहे. फळ्यांची वळणे अगदी तशीच आली आहेत. माझ्या मुलाला दाखवली, तो म्हणाला की असे काम नागपुरातही कमी लोकांना येते.

डब्याची रुंदी अडुसष्ट सेंटिमीटर. खाली फरशीपासून अकरा सेंटिमीटरची फट, गरम हवा बाहेर यावी म्हणून. डबा छातीएवढा उंच होता. गाडी चालू असताना तो ओलांडणे अवघड. थांबल्यावर उतरून, फिरून दुसऱ्या दाराने यावे लागे. आसने अरुंदच होती, तू काढली आहेस त्याहून दोन बोटे कमी कर. सोबत एक हाती काढलेले चित्र पाठवतो, त्यात सगळ्या उंच्या लिहिल्या आहेत. बसल्या बसल्या एकेक आठवत गेले.

तुझ्या वडिलांना भरवेलीच्या खाणीत डोझर चालवण्याची सवय होती, म्हणून त्यांना पट्ट्यांचा कान होता. मी पाना घेऊन सैल नट शोधत बसायचो आणि ते बूट टेकवून सांगायचे, साहेब, डावीकडची सातवी फळी. नेहमी तीच निघे. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. तुझा राग मी समजू शकतो. पण इतक्या वर्षांनी तू या कामात मन गुंतवले आहेस, हे चांगले झाले.

काही अडले तर कळव.

नीळकंठ मोघे


बालाघाट
३ ऑक्टोबर २००२

श्री. मोघे यांस,

मले 'चि.' लिहू नका. 'तू'ही लिहू नका.

आईच्या पेटीत चौकशीच्या निकालासोबत आलेला एक कागद आहे. त्या वर्षी मे महिन्यात तलावाचा बर्फ वितळल्यावर ज्यांनी बाबाले पाण्यातून काढलं, त्यांचा हिंदीतला पंचनामा. त्यात दोन ओळी आहेत. 'मृतक दाहिनी सीट पर मिला। बायाँ पैर इंजन के डिब्बे के नीचे फँसा हुआ था।'

हा कागद तुमच्या समितीनंही पाहिला असेल. ते लोक दिल्लीच्या ऑफिसात बसलेले. उजवं आसन म्हणजे ड्रायव्हरचं, आपल्या सगळ्या गाड्यांत असते तसं. त्यांना काहून शंका येईल? मले तरी कुठं आली. मी लहानपणापासून मनात बाबाले उजवीकडं स्टेअरिंगमागं बसलेलं पाहून राह्यली. मॉडेलमध्ये स्टेअरिंग मी तिथंच लावलं, ते काही तुमाले फसवायले नाही. मले खरंच माहीत नव्हतं. ते डावीकडं तुमी नेलं, रागात.

मग मी मॉडेलमध्ये बाबाच्या उंचीचा माणूस बनवला. तुमच्या हातच्या चित्रातल्या मापांवर त्याले उजवीकडं बसवला. डावा पाय अकरा सेंटिमीटरच्या फटीत बरोबर जाते. त्यालेच डावीकडं बसवला तर डावा पाय दाराकडं येते, डब्यापर्यंत पोहोचतच नाही.

गाडीत तुमी दोघंच होते. डबा ओलांडता येत नव्हता, हे तुमीच लिहिलं.

डावीकडं कोण बसलं होतं?

अंजू लांजेवार


नागपूर
२८ नोव्हेंबर २००२

कु. अंजू लांजेवार यांस,

आपण मदत मागण्याच्या मिषाने माझ्याकडून माहिती काढून घेतली आणि आता तिचा गैरवापर करत आहात. मी वकिलांशी बोललो आहे. एकवीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या प्रकरणात एका निवृत्त अधिकाऱ्याची बदनामी केल्यास त्याचे परिणाम होतात, हे ध्यानात ठेवावे.

तीन महिने पाण्यात राहिलेला देह जागचा हलू शकतो. कॉम्प्युटरवर बाहुले बसवून सत्य ठरत नसते.

यापुढे आपले कोणतेही पत्र मी उघडणार नाही.

नी. वि. मोघे


बालाघाट
५ डिसेंबर २००२

श्री. मोघे यांस,

फसलेला पाय पाण्यात हलत नाही.

तुमची मापांची दोन्ही पत्रं, हातचं चित्र अन् पंचनामा मी बालाघाटच्या कोर्टातल्या वकीलसाहेबांना दाखवले. ते म्हणाले, चित्रावर सही आहे, एवढं पुरे. ज्या खात्याचं केंद्र होतं त्या खात्याले चौकशी पुन्हा उघडायचा अर्ज लिहून तयार आहे. मी अजून टाकला नाही. आईनं थांबवलं.

आईले मी हे सगळं परवा सांगतलं. ती तांदूळ निवडत बसली होती. ऐकून घेतलं अन् निवडतच राह्यली. ती म्हणाली, "तो कागदावर काय लिहिते, त्याचं मी काय करू? मले वाचता कुठं येते? त्याले इथं बोलाव. तोंडानं सांगू दे."

तर आईसाठी एक महिना थांबते. मकर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अर्ज जाईन.

अंजू लांजेवार


नागपूर
६ जानेवारी २००३

कु. अंजू यांस,

पत्र उघडले.

गाडी मी चालवत होतो.

वाऱ्याचे मोजमाप करणारे यंत्र तलावापलीकडच्या टेकडीवर नेऊन लावायचे होते आणि दुपारनंतर हवा बिघडणार होती. काठ्यांच्या खुणेचा रस्ता तलावाला वळसा घालून जाई, त्याला दोन तास लागत. सरळ गेले तर वीस मिनिटे. आठवड्यापूर्वी मी स्वतः बर्फ खोदून त्याची जाडी मोजली होती आणि ती पुरेशी होती. चैतरामने काठावर गाडी थांबवली. खाली उतरून त्याने टाच आपटली आणि म्हणाला, "साहेब, आवाज पोकळ येऊन राह्यला. मी नाही नेत." मी त्याला भित्रा म्हणालो. त्याच्या हातून स्टेअरिंग घेतले. तो काठावर थांबू शकला असता, मी त्याला तसे सांगितलेही. तो फिरून उजव्या दाराने आत येऊन बसला. का, हे मी तेव्हाही विचारले नाही.

मध्यावर पोहोचण्याआधी पुढचा बर्फ फुटला. गाडी नाकावर गेली, डबा जागचा सरकला आणि त्याचा पाय खाली अडकला. मी डब्यावर चढून झाकण उघडले, पण मला स्वतःला वर उचलून घेता येईना. त्याने खालून माझ्या तळव्यांना हात लावून ढकलले. मी बाहेर पडलो. गाडी क्षणात बुडाली.

चौकशीत अध्यक्षांनी विचारले की ड्रायव्हर काठ्या सोडून का गेला. त्यांनी 'ड्रायव्हर' हा शब्द चैतरामसाठी वापरला आणि मी तो दुरुस्त केला नाही. मग त्यांनी विचारले, प्यायलेला होता का. मी म्हणालो, थंडीत लोक घेतात. पुढचे त्यांनी लिहिले. माझी बढती अडली नाही. माझ्या घरी आजवर हे कोणाला माहीत नाही.

अर्ज टाकू नका असे मी म्हणणार नाही. मी बालाघाटला येऊन शपथपत्र करून देतो. तुमच्या आईंसमोरही सांगेन.

नीळकंठ मोघे


बालाघाट
१४ फेब्रुवारी २००३

श्री. मोघे यांस,

मंगळवारी काय झालं ते लिहून ठेवून राह्यली. उद्या तुमी वेगळं सांगाल, म्हणून.

तुमी सकाळच्या बसनं आले. कोर्टात शपथपत्रावर सही केली. मग रिक्षानं भरवेलीले मामाच्या घरी आले. आईसमोर स्टुलावर बसून सगळं सांगतलं, शपथपत्रात आहे तसंच, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. मामी चहा ठेवायले उठली तर आईनं हातानंच नको म्हणून खुणावलं. शेवटी तुमी तिचे पाय धरायले वाकले. तिनं पाय मागं घेतले. तुमी म्हणाले, माफ करा. आई म्हणाली, "त्यानं तुमाले वर ढकललं, ते त्यानं केलं. आता माह्याकडून आणखी काय पाहिजे?" तुमी उभे राह्यले, चष्मा पुसला अन् गेले. रस्त्यापर्यंत तुमच्यासोबत कोणी आलं नाही. हे सगळं असंच झालं.

शपथपत्राची एक प्रत खात्याले गेली. दुसरी मामानं रामपायलीले नेऊन पंचायतीत वाचून दाखवली. जे लोक तेव्हा बोलत होते त्यातले निम्मे आता जिवंत नाहीत. बाकीचे म्हणाले, आमाले तर आधीपासूनच वाटत होतं. मामा चिडून परत आला.

तुमी गेल्यावर संध्याकाळी आई माझ्या टेबलाजवळ आली. म्हणाली, दाखव ती गाडी. मी मॉडेल उघडून दाखवलं. बाहेरून फिरवली, मग आत नेली. तिनं विचारलं, कुठं बसला होता. मी उजवं आसन दाखवलं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं अन् बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाली, हे बाजूचं काय आहे. मी सांगतलं, दार. माऊसनं उघडूनही दाखवलं.

तिनं विचारलं, "हे बाहेरून उघडत होतं का?"

डाव्या दाराची बाहेरची कडी तुमच्या चित्रात आहे, मापासकट. उजव्या दारावर तुमी काहीच काढलं नाही. बाबाच्या फोटोत ती बाजू दिसत नाही, विदेशच्या फोटोतही नाही. मी तिले म्हटलं, कदाचित नसेल कडी. आई म्हणाली, त्यालेच विचार.

म्हणून विचारून राह्यली. तुमी बाहेर होते.

अंजू लांजेवार


नागपूर
२४ फेब्रुवारी २००३

श्रीमती अनुसयाबाई आणि कु. अंजू यांस,

उजव्या दाराला बाहेरून कडी होती. खाली दाबून ओढली की दार उघडत असे.

गाडी क्षणात बुडाली, हे मी शपथपत्रात लिहिले आणि तुमच्यासमोर बोललो. ते खोटे आहे. मागचे पट्टे बर्फाच्या काठात अडकल्यामुळे गाडी काही वेळ तशीच लटकून राहिली. उजवे दार पाण्याच्या वर होते. किती वेळ ते मी मोजले नाही. त्याने आतून काचेवर तीनदा थाप मारली. मी चार पावलांवर उभा होतो. पायाखालचा बर्फ करकरत होता. मी मागे सरलो.

दार उघडले असते तरी त्याचा पाय सुटला असता की नाही, मला सांगता येत नाही. मी पाहिलेच नाही.

शपथपत्र दुरुस्त करून देण्यासाठी सोमवारी पुन्हा बालाघाटला येतो. थेट कोर्टात जाईन, घरी येणार नाही.

कडीची लांबी चौदा सेंटिमीटर. दाराच्या खालच्या कडेपासून एकसष्ट सेंटिमीटरवर, मागच्या बाजूला.

नीळकंठ मोघे